पूर ओसरल्यावर खत-औषधाच्या दुकानाची साफसफाई: पोरांना आत सोडायच्या आधी काय बघायचं?

तालमीचा_गडी: कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीखाली आलंय, उद्यापासून तालमीची पोरं साफसफाईला उतरणार. यादीत शाहूपुरीतलं एक खत-औषधांचं दुकान आहे. मागं गोदाम, खाली तळघर, त्यात अजून गुडघाभर पाणी. कीटकनाशकांच्या बाटल्या फुटल्यात, पाण्यावर तेलकट तवंग आहे. धान्यात ठेवायच्या गोळ्यांचे डबे पण गोदामात होते म्हणं. पोरांकडं एन९५ मास्क, पातळ हातमोजे, गमबूट आणि दोन पोती ब्लिचिंग पावडर. प्रेशर पंपानं धुवून काढलं तर चालेल का?

फवारणीवाला: गोदामात पाणी अजिबात मारू नका. त्या गोळ्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. वास लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कामाच्या जागी मर्यादा ०.३ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग) आहे आणि बऱ्याच जणांना वास कळतो तो त्याच्या वर गेल्यावरच. बंद जागेत साचला तर आपोआप पेटही घेतो.

एन९५ धूळ अडवतो, वायू नाही. रंगकामाच्या मास्कला असतं ते काडतूसही फॉस्फिनला चालत नाही. म्हणून पोरांच्या यादीतून गोदाम काढाच. डबे हलवायचे नाहीत, आतलं बटण दाबायचं नाही, वीज बाहेरून तोडून घ्यायची, माणसं लांब ठेवायची आणि १०१ ला अग्निशमनला सांगायचं. मालकाकडं स्टॉक रजिस्टर असतं. कुठलं औषध, किती, कुठल्या मांडणीवर, ही यादी आज रात्रीच लिहून घ्या.

सेफ्टी_शिरोली: गोदामाइतकाच तळघराचा धोका आहे, पण तिथं कुणी घाबरत नाही. धान्य आणि मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड होतो. हवेपेक्षा जड, खाली बसतो. सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. चार वायूंचा मीटर दोरीनं खाली सोडून बघा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही. मीटर मिळत नसेल तरी तेच. आत एक पडला की दुसरा त्याला काढायला धावतो आणि दोघंही जातात, हे ठरलेलं.

पेट्रोलचा पंप किंवा जनरेटर तळघरात उतरवू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. पंप रस्त्यावर, दारा-खिडक्यांपासून २० फूट लांब, आत फक्त पाइप. आणि तवंगाचं पाणी गटारात सोडलं तर ते जयंती नाल्यातून सरळ पंचगंगेत जातं. तेवढं पिंपात वेगळं धरा.

तालमीचा_गडी: गोदाम रद्द, तळघरातही कोण उतरणार नाही. राहिला पुढचा दुकानाचा भाग. तिथं ब्लिचिंग कधी टाकायची? आणि हातमोजे कसले?

विषबाधा_कक्ष: ब्लिचिंग सगळ्यात शेवटी. तिनं औषधाचं विष मरतं हा गैरसमज आहे. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची क्लोरीनशी गाठ पडली तर त्याचा ऑक्सॉन होतो, मूळ औषधापेक्षा जास्त विषारी. युरियावर पडली तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड, तो स्फोटक. संडास धुवायच्या ॲसिडवर पडली तर क्लोरीन.

आधी बाटल्या आणि खताची पोती बाहेर काढा. सांडलेल्या औषधावर कोरडी वाळू टाकून जाड पिशवीत भरा. भुसा नको, ब्लिचिंगमध्ये मिसळला तर पेटू शकतो. मग चिखल खोऱ्यानं ओढा, फरशी डिटर्जंटनं घासून धुवा. त्यानंतर ३३ टक्क्यांची ताजी पावडर १० लिटर पाण्याला १५० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. दारं उघडी ठेवून वरचं निवळ पाणी फरशीवर १० मिनिटं राहू द्या. चिखलावर भुरभुरलेली पावडर वाया जाते, फोटोत मात्र पांढरीशुभ्र दिसते.

हातमोजे नायट्राइल रबराचे, कोपरापर्यंत, ०.३८ मिमी जाडीचे. कापडी आणि चामड्याचे औषध शोषून कातडीला लावून ठेवतात. पँट गमबुटाच्या बाहेर. हातमोजे काढण्याआधी वरून साबणानं धुवा. आणि काम संपून हात धुवेपर्यंत तंबाखू मळणं बंद, हे सगळ्यात अवघड जाईल.

तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, पोटात कळ, स्नायू फडफडणं, यातलं काहीही दिसलं की कपडे उतरवा, साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि १०८. कातडीतून गेलेल्या औषधाची लक्षणं काही तासांनीही येतात, म्हणून संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा. उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका. सीपीआर हॉस्पिटलला नेताना बाटलीचं लेबल किंवा त्याचा फोटो सोबत द्या. ॲट्रोपिन (अशा काही विषांवरचा उतारा) कुणाला द्यायचं ते त्यावरून लवकर ठरतं.

पुरानंतर घेतात ती डॉक्सीसायक्लिनची गोळी लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप) आहे, तीही डॉक्टरांना विचारून. विषावर तिचा उपयोग नाही.

फवारणीवाला: एक राहिलं. रिकाम्या बाटल्या भंगारात देऊ नका, धुवून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जातात. भोकं पाडून वेगळ्या पोत्यात भरा. लेबल धुऊन गेलेल्या बाटलीचं झाकण वास बघायला सुद्धा उघडायचं नाही, ती ‘अनोळखी’ म्हणून बाजूला.