मुंबईवरील ओझोन : उपग्रहाची आणि जमिनीवरची मोजणी

प्रश्न (मुलुंड): एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी नासाच्या ‘ऑरा’ उपग्रहावरील ओएमआय या ओझोन मोजणाऱ्या उपकरणाने नोंदवलेला मुंबईवरील एकूण ओझोन (जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतचा) मी पुण्याच्या डॉब्सन वर्णपटमापकाच्या (सूर्यप्रकाशावरून ओझोन मोजणाऱ्या जमिनीवरील उपकरणाच्या) नोंदींशी ताडून पाहत आहे. पावसाळ्यात तफावत फारच विस्कळीत होते. चूक कोणाची मानावी?

उत्तर १ (दादर): दोष यंत्राचाच असेल असे नाही. डॉब्सनची सर्वांत भरवशाची नोंद थेट सूर्यकिरणांवरून होते. आभाळ भरले की माथ्यावरच्या आकाशातून येणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशावर काम भागवावे लागते आणि अनिश्चितता वाढते. उपग्रहाला तर ढगाखालचा ओझोन दिसतच नाही, त्यामुळे तेवढा भाग पूर्वीच्या सरासरीवरून भरला जातो. म्हणून थेट सूर्याच्या, दुपारी दीडच्या आसपासच्या (ऑरा तेव्हाच डोक्यावरून जातो) आणि कमी ढगांच्या नोंदीच ठेवाव्यात, मग जुलैत मोजके दिवस उरले तरी चालेल.

उत्तर २ (पवई): मुळात मुंबईची मूल्ये पुण्याशी का ताडता? ओएमआयची चौकट (एका नोंदीत मोजला जाणारा जमिनीचा तुकडा) उपग्रहाच्या थेट खाली 13 × 24 किलोमीटरची असते, पुण्यावरचीच घ्या. शिवाय डॉब्सनच्या गणितात ओझोनचे तापमान उणे 46.3 अंश सेल्सिअस गृहीत असते, प्रत्यक्षात ते बदलते, त्यामुळे ऋतूनुसार थोडा फरक राहतोच. शहरातील हवा-गुणवत्ता केंद्रांचे आकडे मात्र यात मिसळू नयेत. ते श्वासाच्या उंचीवरचे असतात, तर बहुतांश ओझोन स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या बऱ्याच उंचावरील थरात असतो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. चौकट पुण्यावर नेऊन गणित पुन्हा करते.