माळ पेटवायचा की राखायचा?

दहिवडीकर
परवा इथं एकानं लिहिलं, "हिवाळ्यात माळ मोकळा सोडा, चार गाई आपल्या आपण चरतील. उरलेलं शिमग्याआधी पेटवा, पावसाळ्यात दुप्पट येतं." दुप्पट येतं ते काय येतं, हे सांगितलं नाही. येते ती कुसळी, टोकदार कुसळाचं गवत. तिला आग मानवते, पवन्या हे चांगल्या वैरणीचं गवत मागं पडतं. तिचं कुसळ एकदा टणक झालं की जनावराच्या हिरड्यांत रुततं. आम्ही मृगापासून माळ बंद ठेवतो. दसऱ्याच्या आगेमागे, कुसळ धरायच्या आत कापून पेंढ्या बांधतो, गंजी लावतो. मग कापून उरलेल्या खुंटांवर चराई, तीसुद्धा एकेका पट्ट्यात. मोकळं सोडलं तर गाय गोड तेवढं खाते, बाकी तुडवते.

आडरानातला
ती पोस्ट माझीच. आज्यापासून पेटवतोय, एक जनावर दगावलं नाही. कापायला माणूस कुठाय? दोघांचा रोज दिला की आठवड्याचं दूध गेलं. तुमचा माळ घरचा, तुम्हाला सुचतंय.

दहिवडीकर
घरची माणसं कापतात, साहेब. मोबाईल खाली ठेवून.

गायरान_बचाव
भांडताय कशावर? रान उरलंय का? आमचं गायरान शेतीपंपांच्या सोलर प्रकल्पाला गेलं. 2011 साली जगपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. तेव्हापासून नोटिसा झोपड्यांना, अन् भाडेपट्टा कंपनीला!

रब्बीवाला
सोलरला शिव्या द्यायचं सोपं आहे. रात्री दोनला बिबट्याच्या रानात गहू भिजवायला कधी गेलायत? आम्ही यंदा सोलरच्या विजेवर दिवसा पाणी दिलं. बायको पहिल्यांदा निवांत झोपली.

गायरान_बचाव
झोपू द्या. सकाळी गाईला वीज टाका, गव्हाण भरून.

रब्बीवाला
त्या गायरानात होतं काय? दगड अन् घाणेरी! अर्धं तर पुढाऱ्यांनीच आधी नांगरलेलं. तेव्हा तुमचा बचाव कुठं होता?

गायरान_बचाव
ग्रामसभेत होतो. तुम्ही नव्हता. नांगरणाऱ्यांची नावं घेतली म्हणून माझ्या घरचं पाणी बंद केलं होतं, विचारा गावात.

खिल्लार_प्रेमी
सोलर बाजूला ठेवा. आमच्याकडे गवताळ माळावर खड्डे काढून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावली. ती जगली, गवत गेलं. खिल्लार पाला हुंगून पुढं जातो. माळ म्हणजे पडीक, हे ज्यानं ठरवलं त्याला महिनाभर गुराखी ठेवा.

आडरानातला
माझ्या पोस्टवर सगळ्यांनी आपापली दुखणी काढली. दहिवडीकर, कुसळाचं एक खरंय. गेल्या माघात कालवडीच्या जिभेतनं चिमट्यानं काढलं. पण सगळा माळ काही राखणार नाही. ओढ्याकडचा अर्धा राखतो, वरचा पेटवणार. भादव्यात दोन्हीचे फोटो टाकतो. राखलेल्यात पवन्या दिसला नाही तर तुमच्या गंजीतनं वैरण उचलणार.

दहिवडीकर
उचला. टेम्पोचं भाडं तुमचं. आणि पेटवायच्या आधी शेजाऱ्याच्या बांधाला जाळपट्टा काढा, आग पुढं जाऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा, नाहीतर फोटो तोच टाकेल.