मदत हवी आहे: इंग्रजी क्रियापदांतला '-एन' नेमका कुणाला लागतो?

वर्गासाठी '-एन' या इंग्रजी प्रत्ययावर टिपण करतेय. शब्दकोशांतल्या व्युत्पत्ती पाहून झाल्या. 'वुडन', 'गोल्डन'मधला पदार्थ सांगणारा आणि लॅटिन '-इनस'चा नातेवाईक, 'ब्रोकन'मधला कृदंताचा, 'ऑक्सन'मधला जुन्या अनेकवचनाचा. 'चिल्ड्रन' तर फारच सुंदर: मूळ रूप आधीच अनेकवचनी, त्यावर पुन्हा हा चढला!

अडलंय ते क्रियापदांपाशी. 'डार्क'चं 'डार्कन', 'वाइड'चं 'वायडन' होतं. पण 'स्लो', 'ग्रीन', 'थिन' यांना तो लागत नाही. 'लाँग', 'स्ट्राँग'ही थेट घेत नाहीत, तिथे नामावरून 'लेंग्थन', 'स्ट्रेंग्थन' होतं. यावरून मला दिसतं ते असं: मूळ शब्द एकाक्षरी हवा आणि शेवटी क, ट, ड, फ, स यांसारखा ध्वनी हवा. शेवटी स्वर, अनुनासिक, र किंवा ल असेल तर जमत नाही.

पण मग 'वेट' (ओला) आणि 'कोल्ड'? दोन्ही या अटीत चोख बसतात, तरी 'वेटन', 'कोल्डन' नाहीत. ('एनरिच'मधला पुढे लागणारा 'एन' फ्रेंचमधून आलेला आहे, तो इथे नको.)

ध्वनीखेरीज आणखी एखादी अट आहे का, की असे शब्द सरळ पाठच करून घ्यायचे?