आडनावावरून घर नाकारलं जातं, ते मोजायचं कसं? (एमए प्रबंध, पुणे)

धायरी_फाटा:
एमए मानसशास्त्र, दुसरं वर्ष. विषय मान्य झाला आहे: पुण्यात घर भाड्याने देताना मालक आडनाव वाचून माणसाबद्दल काय ठरवतात. वेळ साडेतीन महिने, पैसा जवळजवळ नाही. आराखडा असा आहे की ग्रीनवाल्डची आयएटी (पडद्यावरचे शब्द माणूस किती झटकन डावी-उजवीकडे लावतो त्यावरून मनातलं नातं मोजणारी चाचणी) मराठीत करायची. एका बाजूला ब्राह्मण आडनावं, दुसऱ्या बाजूला दलित आडनावं, सोबत चांगले-वाईट शब्द. ती ६० विद्यार्थ्यांवर घ्यायची आणि जोडीला ‘तुम्ही जात मानता का’ अशा वळणाची प्रश्नावली द्यायची. आयएटीचे ब्लॉक (फेऱ्या) आणि गुण नेमके कसे लावतात? ६० पुरतील का? आणि मुळात हे हत्यार या कामाला योग्य आहे का?

मिलिसेकंद:
आधी रचना सांगतो, योग्य-अयोग्य नंतर.

मूळ चाचणी १९९८ ची. ग्रीनवाल्ड, मॅकघी आणि श्वार्ट्झ यांची. एकूण सात ब्लॉक. पहिल्यात फक्त आडनावं डावी-उजवी लावायची, २० वेळा. दुसऱ्यात फक्त चांगले-वाईट शब्द, २० वेळा. तिसरा (२०) आणि चौथा (४०) एकत्र जोडीचे: आडनावं आणि शब्द मिसळून येतात, आडनावांचा एक गट आणि एका प्रकारचे शब्द एकाच कळेवर. पाचव्यात आडनावांच्या बाजू उलटतात. हा मुद्दाम ४० चा ठेवा, कारण हाताला आधीची सवय लागलेली असते आणि २० मध्ये ती सुटत नाही. सहावा (२०) आणि सातवा (४०) पुन्हा जोडीचे, उलट जोडीने. निम्म्या लोकांना तिसरा-चौथा आणि सहावा-सातवा अदलून द्या. जी जोडी आधी येते ती सोपी वाटते, हा या चाचणीचा जुना दोष आहे.

गुण २००३ च्या सुधारित पद्धतीने काढा. १०,००० मिलिसेकंदांवरचे प्रतिसाद काढून टाका. ज्याचे १० टक्क्यांहून जास्त प्रतिसाद ३०० मिलिसेकंदांच्या आत आहेत तो माणूसच वगळा. तो वाचत नाहीये, नुसता कळा बडवतोय. मग सहाव्याच्या सरासरीतून तिसऱ्याची वजा करा आणि त्या दोन्ही ब्लॉकांतल्या सगळ्या वेळा एकत्र धरून निघालेल्या प्रमाण विचलनाने (वेळा सरासरीभोवती किती पसरल्यात त्याचं माप) भागा. सातव्या-चौथ्याचं तसंच. दोन भागाकारांची सरासरी म्हणजे डी गुण. सरासऱ्या ९४० आणि ७८०, विचलन ३२० असेल तर ०.५. क्रम उलटा दिलेल्यांचं चिन्ह फिरवायला विसरू नका. हे विसरल्याने अख्खा निकाल शून्याजवळ येऊन बसतो.

आता मराठीचे खाचखळगे. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी तुटते: ‘कुलकर्णी’तला रफार सुटून पडतो, ‘शिंदे’ची वेलांटी ‘श’च्या पलीकडे जाते. वाचायला दीडशे मिलिसेकंद जास्त लागले की तुमचा ‘पूर्वग्रह’ तयार! म्हणून प्रत्येक आडनाव एकाच फॉन्टमध्ये, एकाच आकारात चित्र म्हणून टाका. दोन्ही गटांत अक्षरसंख्या आणि जोडाक्षरं सारखी ठेवा. एका बाजूला ‘चित्पावनी’ लांबीची आडनावं आणि दुसऱ्या बाजूला ‘मोरे’, असं चालणार नाही. मोबाईलवर काही, लॅपटॉपवर काही असं मिसळू नका.

शब्द निवडताना ‘शुद्ध-अशुद्ध’, ‘पवित्र’, ‘स्वच्छ-घाण’ कटाक्षाने टाळा. हे शब्द आपल्याकडे जातीच्या भाषेतूनच आलेत. ते घातले तर माणसाला काय वाटतं ते कळत नाही, त्याला परंपरा किती पाठ आहे एवढंच कळतं. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डिव्हाइन यांनी १९८९ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: जास्त पूर्वग्रह असलेल्यांना आणि कमी असलेल्यांना साचेबंद प्रतिमा सारखीच माहीत असते. फरक पडतो तो ती वर आल्यावर माणूस तिला आवर घालतो की नाही, यात.

बारामतीची_एसटी:
वरचं सगळं बरोबर, पण त्याच्याही आधी एक पायरी आहे. तुमच्या आराखड्यात ‘ब्राह्मण आडनावं’ आणि ‘दलित आडनावं’ अशा दोन तयार टोपल्या आहेत. महाराष्ट्रात त्या तयार मिळत नाहीत.

पवार, जाधव, गायकवाड, मोरे, शिंदे ही आडनावं कितीतरी जातींत आहेत. पाटील मराठा आहे, कोळी आहे, आगरी आहे, लेवा आहे, लिंगायत आणि जैनही आहे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही मुळात वतनाची नावं. काम ज्याच्याकडे त्याचं नाव. गावावरून पडलेली ‘-कर’ आडनावं तर कोणाचीही असतात. म्हणजे तुम्ही जात दाखवत नाही आहात, वाचणाऱ्याला अंदाज बांधायला लावताय. तुमचा खरा विषय तो अंदाज आहे. तोच आधी मोजा.

४०-५० आडनावं घ्या. मालक ज्या वयाचे आणि ज्या भागातले असतील तसलेच ४०-५० लोक गाठा. प्रत्येक आडनावाखाली मोकळी ओळ द्या: ‘हे वाचून कोणता समाज मनात येतो?’ पर्याय देऊ नका. पर्याय दिले की लोक ‘माहीत नाही’ म्हणायचं सोडून काहीतरी ठोकतात. शेजारी खात्री १ ते ७. आणखी तीन आकडे घ्या: नाव किती ओळखीचं, माणूस किती शिकलेला वाटतो, कुठल्या भागातला वाटतो. दहातल्या आठांचा अंदाज एकच आला तीच नावं ठेवा. ‘कांबळे’, ‘जोशी’ टिकतील असा माझा कयास आहे, ‘पवार’ बहुधा गळेल. पण गळलेली फेकू नका. संदिग्ध आडनाव हा तिसरा गट म्हणून फार उपयोगी असतो: अंदाज बांधता आला नाही तर मालक अजून काय काय विचारतो? ‘मूळ गाव कुठलं’ हा प्रश्न पुण्यात उगाच विचारला जात नाही.

शिक्षण आणि प्रदेशाचे आकडे कशाला? ‘कांबळे’ वाचून मालकाने गरिबी वाचली की जात, हे नंतर वेगळं काढता यावं म्हणून. हे केलं नाही तर तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न यावर येईल.

पी_०५:
हत्यार योग्य आहे का? तुमच्या प्रश्नाला नाही.

आयएटी एकदा दिली की तिचे आतले भाग एकमेकांशी बरे जुळतात, पण तीच चाचणी त्याच माणसाला पुन्हा दिली तर दोन गुणांतला सहसंबंध साधारण ०.५ येतो. एकेका माणसाला ‘तू इतका पूर्वग्रही’ म्हणायला हे अपुरं आहे. वर्तनाचं भाकीत तर आणखी कच्चं. २०१३ मध्ये ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा संबंध क्षीणच निघाला. २०१९ मध्ये फोर्शर आणि सहकाऱ्यांनी ४९२ अभ्यास तपासले: हे गुण बदलता येतात, पण ते बदलले म्हणून वागणं बदललं असं दिसलं नाही. शिवाय तुमचा विषय मालकांचा आणि नमुना विद्यार्थ्यांचा. विद्यार्थी घर देत नाहीत, शोधतात.

त्यापेक्षा साधा मजकूर-प्रयोग करा. एकच अर्ज: ‘वय ३१, खासगी नोकरी, पती-पत्नी व एक मूल, दोन बीएचके, ११ महिन्यांचा करार, डिपॉझिट तयार.’ बदलतं फक्त आडनाव. प्रत्येक मालकाला एकच अर्ज द्या. दोन दिलेत तर खेळ लगेच ओळखला जातो. विचारायचं: घर दाखवाल का, भाडं किती सांगाल, डिपॉझिट किती महिन्यांचं, कोणाची ओळख मागाल का. नकार लोक तोंडावर देत नाहीत, अट वाढवतात. म्हणून फक्त ‘हो-नाही’ ठेवलं तर निम्मं हातचं जाईल.

संख्या: मध्यमाहून जरा लहान परिणाम (०.४, म्हणजे दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक प्रमाण विचलनाच्या ०.४ पट) ८० टक्के खात्रीने पकडायला दर गटात सुमारे १००. परिणाम ०.२ चा असेल तर दर गटात ३९३. ‘हो’चं प्रमाण ४० विरुद्ध ३० टक्के असेल तर दर गटात साडेतीनशेच्या वर. ६० म्हणजे गटात ३०. त्यात फरक ‘सापडला’ तरी त्याच्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही, आणि नाही सापडला तर फरक नाही असंही म्हणता येत नाही.

भारतातलं आधीचं काम वाचल्याशिवाय सुरू करू नका. थोरात आणि अ‍ॅटवेल (२००७) यांनी ५४८ नोकरीच्या जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले, पात्रता सारखी. दलित नावाला बोलावणं येण्याचं शक्यता-गुणोत्तर (ऑड्स रेशो, १ म्हणजे फरक नाही) सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत ०.६७, मुस्लिम नावाचं ०.३३. पण २००९ च्या दिल्लीतल्या एका तशाच अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीचा फरक दिसलाच नाही, कॉल सेंटरमध्ये दिसला. म्हणजे हा आकडा बाजारागणिक बदलतो. नोकरीचा उचलून घरभाड्याला चिकटवू नका. घरभाड्यावर थोरात आणि सहकाऱ्यांचं दिल्ली परिसरातलं काम २०१५ चं आहे, तुमच्या सगळ्यात जवळचं तेच.

धायरी_फाटा:
आयएटी सोडतो. दोन शंका. मालक सरळ म्हणतात, ‘जातीचं काही नाही, आम्हाला फक्त शाकाहारी हवेत.’ याचं काय करायचं? आणि प्रश्नावली पूर्ण काढून टाकू का?

पी_०५:
शाकाहाराची अट प्रयोगातच घाला. निम्म्या अर्जांत ‘पूर्ण शाकाहारी कुटुंब’ लिहा, निम्म्यांत आहाराचा उल्लेखच नको. ही ओळ आल्यावर आडनावाचा फरक मिटला, तर मालक आडनावावरून ताटाचा अंदाज बांधत होता. ओळ असूनही फरक तसाच राहिला, तर शाकाहार हे सांगायचं कारण आहे. (पहिल्या प्रकारातही तो निर्दोष ठरत नाही, हे मात्र लिहा.) किंमत मोजावी लागेल ती अशी: फरकांतला फरक पकडायला, तो मूळ फरकाएवढाच असला तरी, चौपट माणसं लागतात. साडेतीन महिन्यांत तेवढे मालक मिळणार नाहीत. संदिग्ध आडनावांचा गट किंवा शाकाहार, दोन्हींपैकी एकच घ्या. मी शाकाहार घेईन.

बारामतीची_एसटी:
माझं मत उलट, संदिग्ध गट घ्या. पण तो तुमच्या मार्गदर्शकांशी बोलून ठरवा.

प्रश्नावली ठेवा, फक्त तो प्रश्न काढा. ‘तुम्ही जात मानता का’ याला सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत एकच उत्तर मिळेल. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत (२०११-१२) हे चांगलं हाताळलं होतं. आधी विचारलं, घरातलं कोणी अस्पृश्यता पाळतं का. ‘तुम्ही’ नव्हे, ‘घरातलं कोणी’. जे नाही म्हणाले त्यांना पुढे विचारलं, अनुसूचित जातीचं कोणी स्वयंपाकघरात आलं किंवा तुमची भांडी वापरली तर चालेल का. दोन्ही मिळून देशभरात २७ टक्के घरांत अस्पृश्यता पाळली जात असल्याचं निघालं. अमूर्त तत्त्वाला सगळे मान डोलावतात, भांड्यापाशी आले की थबकतात. तुमचे प्रश्नही असेच भांड्यापर्यंत न्या: सोसायटीचा जिना, पाण्याची टाकी, वरच्या मजल्याची किल्ली.

प्रश्नावली अर्जाच्या नंतर द्या, आधी नाही. आधी जात विचारली की पुढची सगळी उत्तरं सावध होतात.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लापिएरचा १९३४ चा निबंध वाचा. एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत २५१ हॉटेलं-खाणावळी फिरले, नकार एकदाच. सहा महिन्यांनी पत्रं पाठवून विचारलं, तर उत्तर देणाऱ्या १२८ पैकी नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणाले, चिनी गिऱ्हाईक घेणार नाही. पुण्यात हे बहुधा उलटं चालतं: कागदावर ‘सगळ्यांचं स्वागत’, फोनवर ‘अहो, कालच दिलं’.

मिलिसेकंद:
एक राहिलं. खोट्या नावाने मालकांना खरे फोन करायचा मोह होईल. संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी नसेल तर करू नका. फसवणूक आहे आणि लोकांचा वेळ जातो. मजकूर-प्रयोगातही शेवटी प्रत्येकाला खरा हेतू सांगा आणि ‘माझं उत्तर काढून टाका’ म्हणायची मुभा द्या. किती जणांनी काढायला लावलं आणि त्यांना कुठलं आडनाव मिळालं होतं, ती नोंद ठेवा. एकाच आडनावाच्या गटातून जास्त लोक बाहेर पडले असतील तर उरलेल्यांची सरासरी फसवी आहे.