मदत हवी आहे: रविवारी दुकान उघडतोय, काय काय करून ठेवू?

निलेश_पुणे (२६ जून २०२०)
नमस्कार मंडळी, रविवारी २८ ला दुकान उघडतोय, कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे मार्चपासून कुलूप आहे, तीन महिन्यांचं भाडं थकलंय त्यामुळे आता थांबणं शक्यच नाही. पण घरात आई आहे, शुगरवाली, माझ्यामुळे तिला काही झालं तर? सामान काय आणू, गिऱ्हाईक कसं बसवू, लवकर सांगा, हातात उद्याचाच दिवस आहे.

पेठकरी
दारात दोरी बांधा, चुन्याचे गोल मारा, गिऱ्हाइकाने यादी द्यायची आणि माल आपण दारात आणून द्यायचा. माझं किराणा पहिल्या दिवसापासून असंच चालू आहे. आत कुणालाच घेऊ नका.

अनघा_क
अहो पण दुकान कसलं? गाळा केवढा? खिडकी आहे का?

निलेश_पुणे
कटिंगचं दुकान हो, २८ ला दुसरं काय उघडतंय! आत घेतल्याशिवाय कसं होणार. दोन खुर्च्या, एसी आहे.

साधा माणूस
सरकारने २८ पासून परवानगी दिलीय ती कटिंग, डाय, वॅक्सिंग, थ्रेडिंगला. दाढी, फेशियल नाही. तसा बोर्ड बाहेर दिसेल असा लावायचाय.

निलेश_पुणे
दाढी नाही म्हणजे अर्धा धंदा गेला, रोजची माणसं दाढीचीच येतात.

साधा माणूस
कळतंय, पण दाढीला त्याचं तोंड उघडं आणि तुमचा चेहरा वीतभर अंतरावर. आईचा विचार करता ना, मग ओळखीचा असला तरी नाही म्हणा.

आरोग्यम्
दारात फवारणीची कमान बसवा, माणूस त्यातून आला की निर्धास्त. शिवाय सकाळी काढा.

अनघा_क
कमान अजिबात नको!! माणसांवर औषध फवारू नका असं केंद्राच्या आरोग्य खात्याने एप्रिलमध्येच सांगितलंय, डोळ्यांना आणि त्वचेला त्रास होतो. काढा प्यायचा तर प्या, पण त्याच्या भरवशावर मास्क काढू नका. फरशीला आणि खुर्चीच्या हातांना १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, दर दोन तासांनी फरशी. कात्रीला मात्र ते लावू नका, गंजते. कात्री-कंगवा साबणाने धुवून मग ७० टक्के अल्कोहोल, आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय ड्रायर लावू नका, पेट घेतं. हायपोक्लोराइटमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

पेठकरी
एसी ठेवा चालू, या उकाड्यात मास्क लावून कोण बसेल.

अनघा_क
एसी बंद. दार उघडं, पंखा दाराच्या दिशेने. बंद खोलीतली हवाच घातक.

कोथरूडकर
स्वनिधी योजनेत १० हजार कर्ज मिळतं, भाड्याचं काम होईल.

साधा माणूस
ते पथविक्रेत्यांसाठी आहे, गाळ्यातल्या दुकानाला नाही. उगाच त्यांना फेऱ्या मारायला लावू नका.

म्युनिकवाली
आमच्याकडे ४ मेपासून सलून उघडलीत. फोन करूनच जायचं, नाव-नंबर लिहून घेतात, आणि आधी केस धुतल्याशिवाय कापत नाहीत.

निलेश_पुणे
ताई, आमच्याकडे धुवायचं बेसिन नाही. घरून धुवून या म्हणेन, नॅपकिनही त्यांचाच. पण कानामागे कापताना मास्कची नाडी आडवी येते, तिथं काय करायचं?

अनघा_क
एका बाजूची नाडी काढायची आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाने मास्क गालावर हाताने दाबून धरायचा. तोवर बोलायचं नाही, दोघांनीही. आणि बाकावरचे पेपर उचला, कुणी वाट बघत आत बसायला नको. तुम्ही एकटेच आहात की कारागीर आहे?

निलेश_पुणे
एक पोरगा आहे, सात वर्षं माझ्याकडे आहे. कोरोनामुळे त्याच्या वस्तीला पत्रे लावून रस्ता बंद केलाय, पण तो म्हणतो पहाटे मागच्या बोळातून येतो.

अनघा_क
हे आधी सांगायचंत! त्याला येऊ देऊ नका. त्याचा दोष नाही, पण पत्रे निघेपर्यंत नाही.

निलेश_पुणे
त्याच्या घरी दोन लेकरं आहेत. बरं, आज फोन करतो. जमेल तेवढा पगार घरीच पोचवतो आणि रविवारी एकच खुर्ची चालवतो, दर तासाला एक गिऱ्हाईक. नाव-नंबरची वही आणलीय.