गुडघा बिजागरीचा सांधा, मग नडगी फिरते कशी?

अकरावी_देवगड
नमस्कार. कॉलेजात सांध्यांचा धडा चालू आहे. एका यादीत तंतुमय, कूर्चामय, सायनोव्हियल. दुसरीत अचल, किंचित हलणारे, मोकळे हलणारे. दोन्ही याद्या एकास एक जोडून पाठ केल्या तर चालेल ना? आणि पुस्तकात गुडघा बिजागरीचा म्हटलाय, पण खुर्चीत बसून पाऊल आत-बाहेर केलं की नडगी फिरते.

बारावी_रत्नागिरी
जोडून पाठ कर, एमसीक्यूला तेवढं पुरतं. गुडघा बिजागरीच लिही.

फिजिओताई_मालवण
जोडू नको रे, फसशील. पहिली यादी विचारते, दोन हाडांच्या मध्ये आहे काय: तंतू, कूर्चा की द्रव असलेली पोकळी? दुसरी विचारते, हलतं किती? मोठ्या माणसाच्या कवटीचे सांधे तंतुमय आणि अचल, तिथे जुळतं. पण घोट्याच्या वर नडगीचं हाड आणि बाजूचं बारीक हाड तंतूंनीच बांधलेलं असूनही किंचित हलतं. पहिली बरगडी छातीच्या हाडाला कूर्चेने जोडलेली, ती जवळपास हलत नाही. मणक्यांमधली गादीही कूर्चेचीच, ती वाकू देते. आणि कमरेमागचा सॅक्रोइलियाक सांधा सायनोव्हियल असून हलतो जेमतेम.

गुडघ्याचं तू बरोबर पाहिलंस. गुडघा काटकोनात वाकवून नडगीवर हात ठेव आणि पाऊल फिरव, हाड हाताखाली फिरेल. मग पाय ताठ करून फिरव. आता गुडघ्याची वाटीसुद्धा सोबत वळेल, कारण फिरतोय तो खुबा. पाय ताठ होताना अगदी शेवटी नडगी जराशी बाहेर वळते आणि गुडघा घट्ट बसतो. म्हणून मोठ्या पुस्तकांत त्याला ‘सुधारित बिजागरी’ म्हणतात. परीक्षेत बिजागरी लिही, पण हे विसरू नको. इथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढताना पाऊल वाळूत रुततं, गुडघा वाकलेला असतो आणि माणूस तसाच अंग वळवतो. गुडघ्यातली गादी फाटते ती बऱ्याचदा अशा पिळानेच. नुसत्या वाकण्या-सरळ होण्यापुरताच सांधा समजून व्यायाम दिले तर त्या माणसाचं भलं होत नाही.

अकरावी_देवगड
करून पाहिलं ताई, खरंच वाटी वळते! मग आई खवणीवर नारळाची कवड फिरवते तेव्हा मनगट फिरतं, तो खिळीचा सांधा का, म्हणजे हाड खिळीसारखं स्वतःभोवती फिरतं तो?

फिजिओताई_मालवण
सांधा खिळीचाच, पण तो मनगटात नाही. मनगट वर-खाली आणि दोन्ही बाजूंना झुकतं, स्वतःभोवती फिरत नाही. तळवा पालथा-उताणा होतो तो हाताच्या पुढल्या भागातली दोन हाडं एकमेकांवर वळल्यामुळे. कोपर वाकव, बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागेल. त्याच्या किंचित खाली, मनगटाच्या दिशेला बोट दाबून धर आणि तळवा उलटसुलट कर. बोटाखाली गोल डोकं फिरताना लागेल, तोच तो सांधा.