अट कुणाला घालायची?

'देणगीदार देशांनी जागतिक बँकेसारख्या विकास बँकांना पैसे देतानाच मानवाधिकारांची अट घातली की झालं,' असं वर कुणीतरी लिहिलंय. इतकं सोपं असतं तर १९७७ सालीच झालं असतं. अमेरिकी काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) तेव्हाच कायदा केला: मानवाधिकार सर्रास पायदळी तुडवणाऱ्या सरकारांच्या कर्जाला या बँकांमधल्या अमेरिकेच्या प्रतिनिधीने विरोध करायचा. अपवाद फक्त लोकांच्या मूलभूत गरजा भागवणाऱ्या प्रकल्पांचा. (या अपवादात काय काय बसवता येतं, ते सांगायला नको!) पण जागतिक बँकेत अमेरिकेची मतं जेमतेम १६ टक्के. विरोध नोंदवला जातो आणि कर्जही मंजूर होतं.

माझ्या मते अट कर्ज घेणाऱ्या देशापेक्षा बँकेलाच घातली की चावते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं बघा, त्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं. बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनावरून बँकेचेच वाभाडे काढले, आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं. त्याच सुमारास आयडीएला (गरीब देशांना सवलतीत कर्ज देणाऱ्या बँकेच्या शाखेला) देणगीदार देशांनी पुढचे पैसे द्यायची वेळ आली, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमधून बँकेवर दबाव आला की आधी तक्रारीची सोय करा. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेचं तपासणी पॅनेल (इन्स्पेक्शन पॅनेल) स्थापन झालं. प्रकल्पाची झळ बसलेली माणसं आज तिथे थेट तक्रार करू शकतात. मात्र पॅनेल फक्त एवढंच तपासतं की बँकेने स्वतःचे नियम पाळले का. भरपाईचा आदेश ते देऊ शकत नाही.